पाटी पुसली, रंग राहिला : अमळनेरच्या दोन संमेलनांमधला मजकूर

बोरी नदीकाठच्या अमळनेरने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरवले. पहिल्यांदा १९५२ साली. अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी, ‘मराठी व्युत्पत्ती कोशा’चे कर्ते. दुसऱ्यांदा २ ते ४ फेब्रुवारी २०२४ या काळात. ते ९७ वे संमेलन आणि अध्यक्ष रवींद्र शोभणे. मधे ७२ वर्षे गेली. पहिल्या संमेलनाच्या वेळी मराठी छापील अक्षर शिशाचे होते, हातात धरता येत होते, पायावर पडले तर लागत होते. दुसऱ्या संमेलनाच्या वेळी तेच अक्षर एक संख्या झाले होते.

या ७२ वर्षांतील एका लहानशा प्रश्नाचा हा इतिहास आहे. एक मजकूर संपला, आता दुसरा लिहायचा आहे. तर लिहिण्याची जागा पुन्हा कोरी कशी करायची? प्रश्न पोरकट वाटतो. पाटी असेल तर पुसावी, कागद असेल तर नवा घ्यावा. परंतु छापखान्यातील जुळारी, पुण्यातील संगणक-अभियंते आणि जावा या भाषेत प्रोग्राम लिहिणारे, असे तिघेही याच प्रश्नापाशी अडखळले आहेत, आणि प्रत्येकाला मिळालेले उत्तर निराळे आहे.

आधी शेवटच्या अडखळण्याचे स्वरूप पाहू, म्हणजे मागे का जायचे ते कळेल.

समजा, अमळनेरमधील एखाद्या पतपेढीच्या कार्यालयात जावामध्ये लिहिलेला एक प्रोग्राम चालतो. पडद्यावर एक चौकट आहे. सभासदाचे नाव आणि शेरा तिच्यात दिसतो, आणि थकबाकीदाराचे नाव लाल व ठळक होते. लिपिक एका थकबाकीदाराची नोंद पाहतो, ‘नवीन’ हे बटण दाबतो. चौकट रिकामी होते. तो पुढच्या सभासदाचे नाव टाकतो आणि तेही लाल, ठळक उमटते. या माणसाचा हप्ता एकदाही चुकलेला नाही. मजकूर पुसला गेला. मजकुराचा रंग मात्र मागे राहिला आणि पुढच्या माणसाला चिकटला. तो कागद छापून सूचनाफलकावर गेला, तर खान्देशातल्या तालुक्याच्या गावी त्याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

या दोषाचे मूळ एका जुन्या वस्तुस्थितीत आहे. लिहिलेल्या प्रत्येक ओळीत दोन गोष्टी असतात : काय लिहिले आहे, आणि ते कोणत्या रूपात लिहिले आहे. या दोन गोष्टी एकाच ठिकाणी राहतात की वेगवेगळ्या, यावर पुसणे सोपे की अवघड हे ठरते.

हस्ताक्षरात त्या एकत्र असतात. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहातील मुलांसाठी ते हाताने लिहिलेले दैनिक काढीत. रोज नवा कागद. कालच्या मथळ्याचा ठळकपणा आजच्या मथळ्याला बाधण्याची सोयच नव्हती, कारण तो कालच्या कागदावरच राहिला.

छापखान्यात ही सोय संपली. शिसे महाग, तेच खिळे पुनःपुन्हा वापरायचे. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, त्याच्या आधी त्यांची खिळे ओतण्याची शाळा होती, आणि तेथील अक्षरांच्या देखणेपणाने पुढच्या कित्येक दशकांची मराठी छपाई घडवली. रोमन लिपीच्या जुळाऱ्याला शंभर-दीडशे खणांत काम भागवता येई. देवनागरीच्या जुळाऱ्यासमोर शेकडो खण असत : स्वर, व्यंजने, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, वरच्या मात्रा, खालचे उकार, रफार. आणि हा सगळा पसारा एका आकाराचा, एका वळणाचा. ठळक अक्षर हवे असेल तर त्याच्या खणांची पेटी पूर्ण निराळी.

कोशासारखे पुस्तक डोळ्यांसमोर आणावे. नोंदीचा शब्द ठळक, अर्थ साधा, मूळ भाषेचे संक्षेप बारीक. एका ओळीत तीन-तीन पेट्यांतील खिळे शेजारी बसतात. फर्मा छापून झाला की शाई धुऊन ते सगळे खिळे आपापल्या खणांत परत टाकायचे. जुळणीइतकेच हे सोडणीचे काम जोखमीचे. अक्षर उलटे, आरशातल्यासारखे. हात सवयीने धावतो. एक ठळक ‘क’ साध्या ‘क’च्या खणात पडला, की तो तेथे निमूट पडून राहतो. चार दिवसांनी कोणाच्या तरी लग्नपत्रिकेत, अगदी भलत्याच शब्दाच्या मधोमध, एकटा काळाकुट्ट ‘क’ उगवतो. चूक सोडणाऱ्याची, दिसते मात्र जुळणाऱ्याच्या कामात.

पतपेढीच्या खिडकीतला लाल रंग याच जातीचा आहे. आधीच्या कामाचे रूप परत न ठेवले गेल्यामुळे पुढचे काम बिघडते. (जाता जाता : अमळनेरच्या आदल्या वर्षी, १९५१ मध्ये कारवारला झालेल्या संमेलनाचे अध्यक्ष होते अ. का. प्रियोळकर, ज्यांनी पुढे भारतातील मुद्रणकलेचा इतिहास लिहिला. मराठी साहित्यिकांनी सलग दोन वर्षे मुद्रणाचा इतिहासकार आणि शब्दांच्या कुळीचा शोधकर्ता अध्यक्षपदी बसवावा, हा योग पुन्हा सहसा जुळलेला नाही.)

शिशाकडून संख्येकडे जाण्याच्या वाटेवरही अमळनेरचे एक ठिकाण लागते. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना अमळनेरला. १९६६ मध्ये त्यांच्या निधनानंतर २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण सोडून परतले. १९८० च्या दशकात हीच कंपनी, विप्रो या नावाने, संगणक बनवू लागली. तेलाच्या डब्यापासून संगणकापर्यंतचा तो प्रवास स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. येथे इतकेच पुरे की देशी कंपन्यांचे संगणक जेव्हा भारतीय कार्यालयांत शिरू लागले, तेव्हा त्यांना मराठी येत नव्हते.

ते शिकवण्याचे मोठे काम पुण्यात झाले. १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था पुण्यात स्थापन झाली आणि कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे व सहकाऱ्यांनी पुढे नेलेले ‘जिस्ट’ हे तंत्रज्ञान तेथे आले. भारतीय लिपींसाठी एक समान संकेतावली ठरली, तिचे नाव इस्की. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ती आयएस १३१९४ या क्रमांकाने मानक म्हणून जाहीर केली.

इस्कीची मूळ कल्पना धाडसी होती. ब्राह्मी कुळातील लिपींची वर्णमाला एकच. मग ‘क’ला सर्व लिपींत एकच संख्या द्यावी. मराठी ‘क’, गुजराती ‘क’, बंगाली ‘क’, तेलुगू ‘क’ : संख्या एक. मग पडद्यावर तो कोणत्या लिपीत दाखवायचा? त्यासाठी एक खास संकेत होता, २३९ क्रमांकाचा, गुणसंकेत. तो आला की त्याच्या पुढचा एक अंक सांगे : येथून पुढे ठळक, किंवा येथून पुढे तिरपे, किंवा येथून पुढे गुजराती.

म्हणजे इस्कीत ठळकपणा आणि लिपी या एकाच दर्जाच्या गोष्टी होत्या. दोन्ही ‘रूप’. व्युत्पत्तिकोशकाराला हे आवडले असते की नाही कोण जाणे, पण वर्णमालेकडे पाहण्याची ती एक खरीखुरी भारतीय दृष्टी होती.

आणि याच मानकात आपल्या प्रश्नाचे एक अतिशय नेटके उत्तर दडलेले आहे. लावलेला गुण कोठवर टिकेल? इस्की सांगते : पुढचा गुणसंकेत येईपर्यंत, किंवा ओळ संपेपर्यंत. ओळ संपली की गुण संपला. व्यापाऱ्याच्या मराठी यादीत एक नाव गुजरातीत लिहिले आणि लिपी परत फिरवायला विसरलात, तरी पुढच्या ओळीवर गळती होणार नाही. प्रत्येक ओळ स्वच्छ हातांनी सुरू होते.

त्या काळी पडदाच ओळींचा होता, म्हणून हा नियम शोभलाही. चूक झाली तर तिचे आयुष्य जास्तीत जास्त एका ओळीचे. पतपेढीच्या लिपिकाची अडचण इस्कीच्या पडद्यावर निर्माणच झाली नसती. उलट बाजूने पाहिले तर, सलग दहा ओळी ठळक हव्या असतील तर दहा वेळा सांगावे लागे. सुरक्षिततेची किंमत म्हणून ते फार नव्हते. पण लेखनाच्या प्रोग्रामांची पुढची पिढी ओळीच्या हिशेबाने विचार करणारी नव्हती.

१९९० च्या दशकात गावोगाव डीटीपीची दुकाने निघाली. लग्नपत्रिका, दशक्रिया विधीच्या सूचना, निवडणुकीची पत्रके, शाळांची वार्षिके शिशाच्या खिळ्यांकडून झपाट्याने या दुकानांकडे आली. सुबक मराठी फॉन्ट आले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली. आणि या सुबकपणाच्या पोटात एक विचित्र सौदा होता, ज्याची फेड अजून चालू आहे.

त्या काळातील बहुतेक संगणक रोमन लिपीच्या २५६ जागा ओळखत. त्या जागांवर रोमन अक्षरांऐवजी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे, ही युक्ती. फाइलमध्ये साठवली जात ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच. त्यांच्यावर अमुक फॉन्ट लावला की पडद्यावर मराठी दिसे. फाइलमध्ये मराठी कोठेही नव्हते. मराठीपण सगळे फॉन्टमध्ये, म्हणजे रूपात होते.

आता ‘रूप पुसा’ ही आज्ञा अशा फाइलवर चालवली तर काय होईल? साधा रोमन फॉन्ट लागेल आणि वडिलांच्या स्मरणार्थ काढलेली पुस्तिका स्वल्पविराम, कंस आणि निरर्थक रोमन अक्षरांची रांग बनेल. शिशाच्या काळात पुसण्यात चूक झाली तर एक अक्षर भलत्या वळणाचे निघे. इस्कीत चूक एका ओळीपुरती. येथे मात्र रूप गेले की मजकूरच गेला. सीडीवर जपलेल्या कितीतरी मराठी फाइली आज अशा अवस्थेत आहेत : बाइट शाबूत, फॉन्ट हरवलेला. त्या वाचायच्या तर कोणत्या फॉन्टसाठी त्या टंकल्या होत्या हे ओळखून प्रत्येक तुकड्याचे खऱ्या अक्षरात रूपांतर करावे लागते. तरुण इतिहासप्रेमींनी मोडीच्या जोडीने हेही वाचन शिकून ठेवावे. १९९० च्या दशकाची साधने धुंडाळताना ते लागेलच.

युनिकोडने हा सौदा मोडला. ऑक्टोबर १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या आणि त्यांचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतला गेला. पण इस्कीचा २३९ क्रमांकाचा गुणसंकेत तेवढा घेतला नाही. प्रत्येक लिपीला वेगळ्या जागा दिल्यामुळे लिपी बदलण्याच्या संकेताची गरज उरली नव्हती. आणि ठळक-तिरपे हे मजकुराचे अंगच नव्हे, ते दुसऱ्या कोणी सांभाळावे, अशी युनिकोडची भूमिका होती.

दुसरे कोण? येथे जावा येते.

सन मायक्रोसिस्टिम्सने मे १९९५ मध्ये जावा जाहीर केली. ती पहिल्यापासून युनिकोड मानणारी. डिसेंबर १९९८ मधील १.२ या आवृत्तीबरोबर ‘स्विंग’ हा खिडक्या, बटणे आणि चौकटी रचण्याचा संच तिच्यात कायमचा आला. या संचाची बांधणी एका जुन्या विचारावर उभी होती, जो नॉर्वेच्या ट्रिग्व्हे रीनस्काउग यांनी १९७९ च्या सुमारास झेरॉक्सच्या पालो अल्टो केंद्रात मांडला : माहिती वेगळी ठेवा, ती दाखवणारा पडदा वेगळा ठेवा.

स्विंगमधील साधी चौकट एकाच रूपात मजकूर दाखवते. तिच्यात हा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो ‘जेटेक्स्टपेन’ या नावाच्या चौकटीत, जिच्यात एक शब्द लाल, दुसरा ठळक, तिसरी ओळ मध्यभागी असे मांडता येते. तिच्या मागे एक डॉक्युमेंट असते. डॉक्युमेंटमध्ये एकीकडे नुसती अक्षरे, सलग. दुसरीकडे परिच्छेदांचे आणि त्यांतील तुकड्यांचे झाड. झाडाच्या प्रत्येक पानावर लिहिलेले असते : अमुक क्रमांकाच्या अक्षरापासून अमुक क्रमांकापर्यंत, गुण हे. जुळाऱ्याच्या पेट्या आणि जुळलेली ओळ यांचीच ही मांडणी, फक्त खिळ्याला वजन नाही.

याखेरीज तिसरी एक जागा आहे, आणि घोटाळ्याचे घर तीच. कर्सर जेथे उभा आहे तेथे पुढचे अक्षर टंकले तर ते कोणत्या रूपात उमटावे, याची एक छोटी नोंद चौकट स्वतःजवळ ठेवते. तिला ‘इनपुट ॲट्रिब्यूट्स’ म्हणतात. आपण तिला ‘येणाऱ्या अक्षराचे गुण’ म्हणू. लिहिणाऱ्याने ‘ठळक’ बटण दाबले आणि अजून एकही अक्षर लिहिले नाही, तर तो ठळकपणा कोठे साठवायचा? डॉक्युमेंटमध्ये साठवता येत नाही, कारण तेथे त्या रूपाचे अक्षरच नाही. म्हणून ही नोंद.

सोय चांगली आहे, आणि जुळाऱ्याला ती ओळखीची वाटली असती. पुढचा खिळा कोणत्या पेटीतून उचलायचा हे त्याचा हात असाच लक्षात ठेवतो. लेखकाने ठळक मथळा खोडून दुसरा लिहिला, तर दुसराही ठळकच यावा अशी त्याची अपेक्षा असते. स्विंगच्या रचनाकारांनी लेखकाची बाजू घेतली. लिपिकाची बाजू वेगळी आहे. एकाचे खोडणे म्हणजे सुधारणा, दुसऱ्याचे खोडणे म्हणजे नवी सुरुवात, आणि चौकटीला दोन्ही सारखीच दिसतात.

आता ‘नवीन’ बटण दाबले की आत काय घडते ते पाहू. प्रोग्रामरने बहुधा एकच आज्ञा दिलेली असते : सेटटेक्स्ट, आणि तिला रिकामा मजकूर. चौकट डॉक्युमेंटमधील सर्व अक्षरे काढून टाकते आणि थांबते. डॉक्युमेंट तेच, त्यातील नावे दिलेल्या शैली त्याच. शिवाय डॉक्युमेंट कधीच पूर्ण रिकामे होत नाही. शेवटी ओळ संपल्याची एक न दिसणारी खूण आणि तिचा परिच्छेद उरतोच. आधीचा मजकूर मध्यभागी मांडलेला असेल तर ती मांडणी या उरलेल्या परिच्छेदाला लागून राहू शकते, आणि पुढचे नावही मध्यभागी जाऊन बसते.

रंगाचे वागणे आणखी लहरी. कर्सर जागचा हलला की चौकट येणाऱ्या अक्षराचे गुण नव्याने ठरवते. पुसल्यावर ती ते उरलेल्या न दिसणाऱ्या खुणेवरून उचलते. त्या खुणेला लाल रंग लागला नसेल तर पुढचा मजकूर साधा येतो. लागला असेल तर लाल. आणि पुसण्यापूर्वी कर्सर सुरुवातीलाच उभा असेल तर पुसल्यावर त्याला हलायचे कारण उरत नाही, म्हणून जुनीच नोंद टिकून राहू शकते. सेटटेक्स्टने नवा मजकूर घातला तरी तो याच नोंदीतील गुण घेऊन उमटतो. परिणामी दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. लिपिक तक्रार करतो. प्रोग्रामर स्वतः करून पाहतो तेव्हा सगळे सुरळीत. लिपिकाने काहीतरी चुकीचे दाबले असेल असे ठरते. सोडणीतला चुकीचा ‘क’ही नेमका असाच वागे.

उपाय आहेत. पहिला जुळाऱ्याचा : प्रत्येक खिळा परत ठेवा. मजकूर काढा, मग कोणतीही निवड नसताना सेटकॅरॅक्टरॲट्रिब्यूट्स ही आज्ञा रिकामा गुणसंच आणि ‘आधीचे काढून हे ठेवा’ अशा खुणेसह द्या, मग परिच्छेदासाठी तशीच दुसरी, शेवटी परिच्छेदाला ‘डिफॉल्ट’ ही मूळ शैली पुन्हा नेमून द्या. क्रम महत्त्वाचा आहे. गुण आधी पुसून मजकूर नंतर काढला, तर कर्सर हलताच चौकट पुन्हा गुण गोळा करते आणि केलेले काम वाया जाते. निवड शिल्लक असेल तर पहिली आज्ञा निवडलेल्या अक्षरांवर खर्च होते.

दुसरा उपाय साने गुरुजींच्या दैनिकाचा : नवा कागद घ्या. जुने डॉक्युमेंट टाकून देऊन चौकटीला नवे कोरे डॉक्युमेंट द्यायचे. बहुतेक वेळा हाच शहाणपणाचा. पण जुन्या कागदाला टाचलेल्या चिठ्ठ्याही त्याच्याबरोबर जातात : मजकूर बदलल्यावर जागे होणारे प्रोग्रामचे भाग, अक्षरांची संख्या मोजणारा, ‘जतन केलेले नाही’ असे सांगणारा, हे सगळे जुन्या डॉक्युमेंटकडे पाहत बसतात आणि नव्याची त्यांना खबर नसते. त्यांना पुन्हा जोडून घ्यावे लागते. नावे दिलेल्या शैलीही नव्या डॉक्युमेंटमध्ये पुन्हा घालाव्या लागतात.

हा दोष स्विंगच्या कर्त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. सेटटेक्स्टच्या अधिकृत वर्णनातच इशारा आहे : एचटीएमएलसारखे प्रकार डॉक्युमेंटमध्ये शैलीचे नियम पेरून ठेवू शकतात आणि ते पुढच्या मजकुरावर अनपेक्षित परिणाम करतात, तसे नको असेल तर ‘रीड’ या मार्गाने मजकूर भरा, म्हणजे डॉक्युमेंटच बदलले जाईल. एका पानाने निळे मथळे ठरवले, पुढच्या पानाने काहीच ठरवले नाही, तर पुढचे पानही निळे. इशारा आहे तो मात्र तपशिलात शिरून वाचणाऱ्यालाच सापडतो. ज्याला ‘रिकामे करा’ एवढेच हवे, तो आज्ञेचे नाव पाहून पुढे जातो.

मराठीच्या वाट्याला यात दोन जादा गोष्टी येतात. देवनागरीची जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी योग्य जागी मांडण्याची सोय जावामध्ये २००२ च्या १.४ आवृत्तीत आली. त्यानंतरही ‘मूळ रूप’ म्हणून प्रोग्रामरने एखादा ठरावीक रोमन फॉन्ट नेमला असेल, तर गुण पुसताच मराठी नावाच्या जागी चौकोनी डबे दिसतात. येथे घाबरण्याचे कारण नाही. अक्षरे युनिकोडमध्ये शाबूत आहेत, देवनागरी फॉन्ट लावला की परततात. ‘डायलॉग’ किंवा ‘सॅन्ससेरिफ’ ही जावाची सांकेतिक फॉन्टनावे वापरली तर यंत्रावर असलेला देवनागरी फॉन्ट आपोआप मदतीला येतो. आरटीएफमध्ये जपलेली जुनी डीटीपी फाइल मात्र या चौकटीत उघडून तिचे सर्व गुण पुसले आणि ती पुन्हा जतन केली, तर कोणता तुकडा मराठी फॉन्टचा आणि कोणता इंग्रजी, याची शेवटची खूणही नाहीशी होते.

दुसरी गोष्ट ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांची. आचार्यास वंदन करायचे असते, आचाऱ्यास स्वयंपाक सांगायचा असतो. हा फरक मराठीचा खास आणि तो अर्थाचा आहे, रूपाचा नाही. युनिकोडमध्ये तो ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो, तसाच ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडसंकेत अशा रीतीनेही लिहिता येतो. उत्साही प्रोग्रामर मजकूर ‘स्वच्छ’ करताना सगळे अदृश्य संकेत काढून टाकतो, आणि दुसऱ्या रीतीने लिहिलेला आचारी आचार्य होतो. रंग पुसायला गेला आणि अर्थ पुसून आला. डीटीपीच्या फॉन्टांनी जो घोळ घातला त्याचाच हा लहान अवतार; फक्त हा दिसत नाही, कारण उरलेला शब्दही शुद्ध मराठीच असतो.

राहिली एक शेवटची जागा. अशा चौकटीला बहुधा ‘मागे घ्या’ची सोय जोडलेली असते. स्विंगचा अनडू-मॅनेजर, वेगळे काही सांगितले नसेल तर, अलीकडचे १०० बदल लक्षात ठेवतो. मजकूर पुसणे हाही त्याच्या दृष्टीने एक बदलच. ती यादी वेगळ्या आज्ञेने रिकामी केली नसेल तर अमळनेरच्या त्या खिडकीत ‘नवीन’ दाबून चौकट कोरी होते, रंगही जातो, पुढचा सभासद समोर येऊन बसतो, पडदा त्याच्याकडे वळवला जातो. लिपिकाचे बोट चुकून कंट्रोल आणि झेड या कळांवर पडते, आणि आधीच्या माणसाचे नाव त्याच्या थकबाकीसह, लाल आणि ठळक, पुन्हा पडद्यावर उभे राहते.